रेडिओ-शांततेचा कायदा

पुण्याहून नाशिककडे जाताना आंबेगाव तालुक्यातील मंचर आणि कळंब मागे टाकले की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येते. तेथून पूर्वेला खोडदचा रस्ता लागतो. टोमॅटो, कांदा आणि द्राक्षबागांच्या या प्रदेशात मध्येच तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या येथे आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आत, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर पसरलेल्या आहेत. या दोन टोकांमधले जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण साकारली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाची वेळ मागू लागले.

या दुर्बिणीचे नाव २०२५ साली एका वेगळ्याच कारणाने वृत्तपत्रांत गाजले. पुणे-नाशिक हा सुमारे २३५ किलोमीटरचा मध्यम-अतिजलद रेल्वेमार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखलेला होता. दुर्बिणीच्या कामात त्याने व्यत्यय येईल या कारणास्तव हा मार्ग बाजूला ठेवून तो अहिल्यानगर-शिर्डीमार्गे नेण्याचे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. साहजिकच जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेरकडे नाराजी पसरली. वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहिलेल्या माणसाचा प्रश्न अगदी सरळ असतो : तारे पाहणाऱ्या यंत्रासाठी आमची गाडी का अडावी?

या प्रश्नाला 'विज्ञान महत्त्वाचे असते' एवढेच उत्तर देऊन चालणार नाही. येथे नेमके काय जपायचे आहे, त्याचा कायदा काय आहे आणि तो कोठे अपुरा पडतो, हे पाहावे लागेल. त्यासाठी खोडदपासून जिनिव्हापर्यंत जावे लागते.

संदेश किती क्षीण असतो?

रेडिओ दुर्बीण स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नाही, ती फक्त ऐकते. आकाशातील वायूचे ढग, स्पंदक तारे, दीर्घिका यांच्याकडून येणारे रेडिओतरंग ती गोळा करते. या तरंगांची तीव्रता मोजण्याचे एकक आहे जान्स्की. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झमागे, एक वॅटला १० च्या २६व्या घाताने भागून येणारी शक्ती.

हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून एक गणित करून पाहू. समजा, चंद्रावर कोणी एक मोबाईल फोन सुरू करून ठेवला. तो एक वॅट शक्ती, दोन लाख हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात, सर्व दिशांना सारखी फेकत आहे. चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर. एवढ्या त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ (४πr²) काढा, एक वॅटला त्याने भागा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा दोन लाखांनी भागा. उत्तर सुमारे २७० जान्स्की येते. सूर्य सोडला तर याहून प्रखर रेडिओस्रोत आपल्या आकाशात मोजकेच आहेत! आणि खोडदची दुर्बीण तर एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण स्रोतांचा अभ्यास नेहमी करते. चंद्रावरचा फोन जिला भडक वाटेल, तिला शेजारच्या गावातला फोन कसा वाटत असेल याची कल्पना यावरून यावी.

या संवेदनशीलतेचा प्रत्यय १९ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. युरोपीय अंतराळ संस्थेचे शिआपरेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होते. त्याचा दुबळा रेडिओसंदेश कोट्यवधी किलोमीटरवरून खोडदच्या तबकड्यांनी टिपला. यान उतरण्याच्या थोडे आधी तो संदेश बंद पडला, हेही येथेच कळले. यान मंगळावर आदळले होते.

गोंगाट कोठून येतो?

रेडिओसंचावर मध्यमलहरींचे केंद्र लावलेले असताना घरातला दिवा लावला तर 'खट्' असा आवाज येतो. बटणात क्षणभर ठिणगी पडते आणि ठिणगी हे एक लहानसे प्रक्षेपणकेंद्रच असते. शिवाय ते अत्यंत बेशिस्त असते. आकाशवाणीचे केंद्र आपल्या ठरावीक वारंवारतेवर बोलते. ठिणगी मात्र एकाच वेळी फार मोठ्या पट्ट्यात ओरडते.

उच्च दाबाच्या वाहिनीवरील तडकलेला इन्सुलेटर, सैल झालेला जोड, वेल्डिंगचे यंत्र, विजेच्या मोटारीचा खराब स्टार्टर ही सगळी अशी नकळत चालणारी प्रक्षेपणकेंद्रे आहेत. विजेवरच्या रेल्वेत २५,००० व्होल्टच्या तारेवर इंजिनाचा वरचा दांडा घासत जातो. गाडीच्या वेगात त्यांचा संपर्क क्षणोक्षणी तुटतो आणि जुळतो, आणि प्रत्येक वेळी ठिणगी पडते. गाडीची संदेशयंत्रणा आणि प्रवाशांचे शेकडो फोन वेगळेच.

अंतर वाढले की हा त्रास वर्गाच्या प्रमाणात घटतो. ५ किलोमीटरवरचा स्रोत १५ किलोमीटरवर नेला तर नववा भाग उरतो. मध्ये डोंगर आला तर आणखी कमी होतो. भोवतालच्या डोंगरांची आड हा खोडदची जागा निवडताना मोठा फायदा होता. पण ज्या यंत्राच्या तबकड्याच २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत, त्याच्या सर्व भागांपासून सारखेच दूर जाणे त्याच खोऱ्यातल्या रेल्वेला सोपे नाही.

वारंवारतांची वाटणी

रेडिओतरंग देशाच्या सीमा ओळखत नाहीत. म्हणून त्यांचा कायदा आरंभापासूनच आंतरराष्ट्रीय राहिला. १८६५ साली पॅरिसमध्ये तारायंत्रासाठी देशांचा एक संघ स्थापन झाला. भारत त्यात १८६९ पासून आहे. बिनतारी संदेशांसाठी १९०६ साली बर्लिनला पहिला करार झाला. १९३२ साली दोन्ही व्यवस्था एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ हे नाव रूढ झाले. आज ही संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था आहे आणि तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे.

या संघाचे 'रेडिओ नियम' हा सदस्य देशांवर बंधनकारक असलेला करार आहे. त्याचा गाभा म्हणजे एक लांबलचक तक्ता. कोणती वारंवारता विमानांसाठी, कोणती दूरचित्रवाणीसाठी, कोणती मोबाईलसाठी, हे त्यात ठरवलेले असते. दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरते आणि तक्त्यात बदल होतात. एखाद्या पट्ट्यात कोणाचा हक्क 'प्राथमिक' असतो, तर कोणाचा 'दुय्यम'. दुय्यमाने प्राथमिकाला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्याकडून त्रास झाला तर तक्रारही करायची नाही.

रेडिओ खगोलशास्त्राला या तक्त्यात जागा मिळाली ती १९५९ च्या जिनिव्हा परिषदेत. काहीच न पाठवणाऱ्या, केवळ ऐकणाऱ्या वापरालाही हक्क असतो, हे तेव्हा मान्य झाले. त्यामागे एक ताजा शोध होता. विश्वात सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, संदेश देतो हे १९५१ साली प्रत्यक्ष दिसले होते. म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आज इतका राखीव आहे की त्यात कोणालाच प्रक्षेपण करता येत नाही.

तक्त्याच्या तळटीपांत आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावेत असे दोन उल्लेख आहेत. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ऑस्ट्रेलिया आणि भारतात, आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात, रेडिओ खगोलशास्त्राला प्राथमिक दर्जाने दिला आहे. हे दोन्ही पट्टे खोडदच्या दुर्बिणीच्या कामाचे आहेत. जुन्नर तालुक्यातील एका यंत्राची गरज अशा रीतीने एका जागतिक कराराच्या तळटिपेत पोचली आहे.

हायड्रोजन पट्ट्यात राहत नाही

मग अडचण कोठे आहे? ती विश्वाच्या प्रसरणात आहे. दूरच्या दीर्घिकेकडून येणारा तरंग वाटेत ताणला जातो. त्याची तरंगलांबी वाढते, वारंवारता घटते. याला ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृती १ असेल तर १४२० ला २ ने भागायचे, वारंवारता ७१० मेगाहर्ट्झ येते. ताम्रसृती ९ असेल तर १० ने भागायचे, १४२ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे जितके जुने विश्व पाहायचे, तितके राखीव पट्ट्यापासून दूर जावे लागते.

२०२० साली याच दुर्बिणीच्या साहाय्याने ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती हायड्रोजन वायू होता, हे मोजण्यात आले. त्यांची सरासरी ताम्रसृती १ होती, म्हणजे तो संदेश ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास आला. आता भारतातील वारंवारतांचा तक्ता काढा. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मोबाईलसाठी आहे आणि २०२२ च्या लिलावात तो विकलाही गेला आहे.

सुधारित दुर्बीण आज काही खंड सोडून १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, म्हणजे सुमारे १,३३० मेगाहर्ट्झचा पल्ला. त्यात खगोलशास्त्राला प्राथमिक दर्जाने मिळालेल्या पट्ट्यांची बेरीज केली तर ती जेमतेम ४६ मेगाहर्ट्झ भरते, शेकडा साडेतीन. उरलेल्या साडेशहाण्णव टक्क्यांत दुर्बीण पाहुणी आहे. तेथे तिचा हक्क नाही, तिला फक्त परिसराच्या शांततेचा आधार आहे. वारंवारतेने दिलेले संरक्षण अपुरे पडते, म्हणून जागेचे संरक्षण आवश्यक होते.

शांत प्रदेश

अमेरिकेने १९५८ साली ग्रीन बँक येथील दुर्बिणीभोवती सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा रेडिओ-शांत प्रदेश जाहीर केला. दक्षिण आफ्रिकेने २००७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. ऑस्ट्रेलियाने मर्चिसनच्या ओसाड भागात असे क्षेत्र राखले आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील या जागांवर स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे ही जागतिक दुर्बीण उभी राहत आहे. तिच्यातील सहभागासाठी भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले.

मग खोडदची गरज संपली का? तसे नाही. त्या दोन्ही जागा दक्षिण गोलार्धात असल्याने उत्तर आकाशाचा मोठा भाग त्यांना दिसतच नाही. खोडद १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून संपूर्ण उत्तर आकाश आणि दक्षिणेचाही बराच भाग पाहता येतो.

पण एक फरक महत्त्वाचा आहे. मर्चिसनला माणसे फारच थोडी राहतात. जुन्नर आणि आंबेगाव ही बागायतीची, बाजारपेठांची, दाट वस्तीची खोरी आहेत. येथे मोबाईलचा मनोरा किंवा कारखाना उभारायचा तर दुर्बिणीचा विचार करावा लागतो. ओसाड जागेतील शांतता जवळजवळ फुकट मिळते. येथील शांततेची किंमत असते आणि ती परिसरातील लोक मोजत असतात.

डोक्यावरून जाणारा गोंगाट

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. जमिनीवरचा गोंगाट डोंगर अडवतो, तहसील कचेरी अडवते, दूरसंचार विभागही अडवू शकतो. आकाशातून येणारा गोंगाट कोण अडवणार?

आंतरजाल पुरवणारे हजारो उपग्रह आज पृथ्वीभोवती खालच्या कक्षांत फिरत आहेत. त्यांचे अधिकृत प्रक्षेपण खोडदच्या पल्ल्यापेक्षा बरेच वरच्या वारंवारतांवर होते. पण उपग्रहातील विद्युतमंडलेही, आपल्या घरातील बटणाप्रमाणे, नकळत तरंग सोडतात. नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या लोफार या दुर्बिणीने स्टारलिंकच्या ६८ उपग्रहांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ४७ उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असे अनपेक्षित तरंग येत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या पिढीच्या उपग्रहांकडून येणारे तरंग त्याच्या ३२ पटींपर्यंत प्रखर असल्याचे २०२४ साली दिसले. ताम्रसृती ९ चा हायड्रोजन, १४२ मेगाहर्ट्झ, नेमका याच पट्ट्यात पडतो.

कायदा येथे चाचपडतो. रेडिओ नियमांचा सारा रोख हेतुपुरस्सर केलेल्या प्रक्षेपणावर आहे. उपग्रहाच्या विद्युतमंडलांतून नकळत गळणाऱ्या तरंगांना काटेकोर मर्यादा घालणारा नियम त्यांत नाही. १९६७ चा बाह्य अवकाश करार दोन तत्त्वे सांगतो. अवकाशातील खासगी कंपन्यांच्या कृतीलाही त्यांचा देश जबाबदार असतो आणि प्रत्येक देशाने इतरांच्या हिताची उचित दखल घ्यावी. भारतही या करारात सामील आहे. पण 'उचित दखल' म्हणजे किती जान्स्की, हे त्यात लिहिलेले नाही.

भारताच्या हाती एक साधन मात्र आहे. परदेशी उपग्रहाला आपल्या भूमीवर सेवा देण्यासाठी आपला परवाना लागतो. स्टारलिंकला असा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. खगोलशास्त्राच्या संरक्षणाच्या अटी घालण्याची जागा हीच. अमेरिकेत तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळा आणि ही कंपनी यांनी मिळून, दुर्बिणीच्या नजरेसमोरून जाताना उपग्रहाने आपला झोत वळवावा, असे प्रयोग यशस्वी केले आहेत. म्हणजे तांत्रिक मार्ग निघू शकतो. तो मर्जीवर ठेवायचा की नियमात आणायचा, एवढाच प्रश्न उरतो. २०२३ च्या दुबई परिषदेत, शांत प्रदेशांचे आणि राखीव पट्ट्यांचे उपग्रह-समूहांपासून रक्षण कसे करावे हा विषय २०२७ च्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला.

ओझे कोणी वाहायचे?

आता रेल्वेच्या प्रश्नाकडे परत येऊ. खोडदची शांतता ही पुण्यातील एखाद्या संस्थेची खासगी मालमत्ता नाही. ती साऱ्या जगाची ठेव आहे. जगातल्या कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ तिचा उपयोग करू शकतो. जून २०२३ मध्ये विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यातही येथील स्पंदकांच्या नोंदींचा वाटा होता. पण ठेव जगाची आणि तिचा खर्च मात्र दोन-तीन तालुक्यांचा, हे फार काळ चालणारे नाही. त्यातून एक उघड विसंगती निर्माण होते. नारायणगावच्या कारखानदाराने आपला गोंगाट आवरायचा आणि त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला कोणी विचारायचे नाही. असे झाले तर गावकऱ्यांना नियम अन्यायकारक वाटेल, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. पहिली, 'व्यत्यय येईल' या शब्दांऐवजी आकडा सांगितला जावा. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट चालेल, हे मोजून जाहीर झाले तर रेल्वेचा अभियंता मार्ग, बोगदा, आडोसा यांचा हिशेब करू शकतो आणि गावकऱ्यांनाही तो तपासता येतो. दुसरी, शांततेची किंमत मोजणाऱ्यांना त्याचा मोबदला सोयींच्या रूपात मिळावा. भूमिगत प्रकाशतंतू, निर्दोष वीजवाहिन्या, रेडिओ-गोंगाट न करणारे उद्योग या सोयी दुर्बिणीलाही हव्या आहेत आणि गावालाही. सैल जोड दुरुस्त झाला तर दुर्बिणीचा त्रास कमी होतो आणि गावातली वीजही कमी वेळा जाते. तिसरी, भारताने २०२७ च्या परिषदेत उपग्रहांवरील बंधनांचा आग्रह धरावा. स्वतःच्या शेतकऱ्यांवर आणि प्रवाशांवर बंधने घालणाऱ्या देशाला तो आग्रह धरण्याचा पूर्ण अधिकार आहे.

वर्गात करण्यासारखे

मध्यमलहरी घेणारा एक जुना ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. तो ट्यूबलाइट, मोबाईलचा चार्जर आणि मिक्सर यांच्याजवळ नेऊन ऐका. मग एकेक पाऊल मागे जात, किती अंतरावर आवाज मावळतो, ते टिपा. ट्रान्झिस्टर जाळीच्या धातूच्या डब्यात ठेवला तर काय होते, तेही पाहा. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शक्य असेल तर विद्यार्थ्यांना तेथे न्यावे.

त्यानंतर वर्गाचे चार गट करावेत : खोडद परिसरातील ग्रामस्थ, रेल्वे, खगोलशास्त्रज्ञ आणि उपग्रह कंपनी. प्रत्येक गटाने आपली बाजू मांडताना निदान एक आकडा आणि एक नियम सांगायलाच हवा, एवढी एकच अट ठेवावी. चारही गटांना मान्य होईल असा ठराव दहा ओळींत लिहून काढायला सांगावे. तो लिहिताना मुलांना ज्या अडचणी येतील, त्याच जिनिव्हात बसणाऱ्या प्रतिनिधींनाही येतात.